काट्यावरचे दोन किलो

रविवार, 26 मे 2024. नवतपाचा दुसरा दिवस आणि संकष्टी. पहिला बोकड दुपारी 4 वाजून 50 मिनिटांनी गेला. शेवटची बकरी गेली तेव्हा चंद्र उगवायचा होता.

कोणी विचारलं की आम्ही अजूनही "ऊन लागलं" एवढंच सांगतो. ऐकणारा मान हलवतो आणि विषय संपतो. वऱ्हाडात उन्हानं काही मेलं की पुढचा प्रश्न विचारायची रीत नाही. पण ऊन त्या दिवशी साऱ्या गावावर सारखंच होतं, आणि पिंपळाच्या पाराखाली बसलेल्या दुसऱ्यांच्या बकऱ्या संध्याकाळी उठून, अंग झटकून आपापल्या घरी गेल्या. म्हणून मी नंतर तो दिवस वहीत मांडला, 4:50 कडे उलटं मोजत.

आदल्या रात्री 9:00
*(अजून 19 तास 50 मिनिटं)*

शेडमध्ये 31 जनावरं. त्यातले 9 बोकड काळेभोर उस्मानाबादी, फेब्रुवारीत बाजारातून आणलेले. बाकीच्या घरच्या बेरारी बकऱ्या, पाठी आणि पिल्लं. बकरी ईद 17 जूनला होती. बोकडांचा सौदा ठरला होता जिवंत वजनावर, किलोला साडेचारशे रुपये. व्यापारी चाचा रविवारी सकाळी 11 ला गाडी आणि काटा घेऊन येणार होते. धाकट्या भावानं रात्रीच बोकडांसमोर मक्याचा भरडा आणि सरकीची ढेप घमेलं भरून ठेवली. "उद्या काट्यावर दिसलं पाह्यजे, दादा," तो म्हणाला. मी हसलो.

शेडची कल्पना माझी. मी नोकरीला नागपूरला, गावी सुट्टीपुरता, शेळीपालनाचे व्हिडिओ मोबाईलवर पाहून शहाणा झालेला. 18 बाय 16 फुटांचं शेड, वर टिन, कडेला जेमतेम सात फूट उंची. पश्चिमेला पक्की विटांची भिंत, कारण पावसाळ्यात झड तिकडून येते. गोठ्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी म्हणजे लांब बाजूवर कलतं ऊन पडत नाही, हे साधं गणित कुठल्याही पशुधनाच्या पुस्तिकेत असतं. आमची लांबी दक्षिणोत्तर, कारण जागाच तशी होती. ती जागाही करून घेतलेली. तिथं बाबांनी लावलेला निंब होता. दोन वर्षांपूर्वी तो तोडला, त्या दिवशी बाबा सकाळीच वावरात निघून गेले आणि अंधार पडल्यावर परतले.

पहाटे 4:10
*(अजून 12 तास 40 मिनिटं)*

कुलरचं पाणी संपलं म्हणून जाग आली. अंगणात आलो. पश्चिमेला चंद्र, पान हलत नव्हतं. व्हरांड्यातला पारा 32 वर. पहाटेच्या चारला 32.

शेडकडून आवाज येत होता. कोणी चाळणीतून पीठ चाळावं तसा, बारीक, एकसारखा. मी दारातून डोकावलो. बकऱ्या बसल्या होत्या, माना लांब केलेल्या, नाकपुड्या चालू. मला वाटलं, रवंथ करताहेत.

बसलेली, निवांत बकरी मिनिटाला 15 ते 30 वेळा श्वास घेते. मोबाईलवर सेकंद लावून मोजायला एक मिनिट लागलं असतं. बकरी दिवसभराची उष्णता अंगात साठवते आणि रात्रीच्या गारव्यात उतरवते. हे रोजचं उधार-नगद आहे. रात्र गार झाली नाही तर कालचं देणं तसंच राहतं आणि त्यावर आजचं चढतं. आमच्या शेडमध्ये तर पश्चिमेची भिंत आदल्या दिवशीचं ऊन रात्रभर आत सोडत होती. पहाटेही तिला हात लावला की नुकती पोळी काढलेल्या तव्याच्या कडेसारखी लागायची. अशी ती सलग तिसरी रात्र होती.

नुकसान त्या घटकेलाच ठरलं, असं आता वाटतं. मी मात्र कुलरमध्ये दोन बादल्या ओतल्या आणि झोपलो.

सकाळी 7:30
*(अजून 9 तास 20 मिनिटं)*

बकऱ्या चारणारे मामा मुलीच्या बाळंतपणाला गेलेले. ते असते तर साडेपाचलाच कळप बाहेर निघाला असता आणि नऊ-साडेनऊला परत आला असता. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ असंच. धाकटा 7:30 ला निघाला. बोकड मागेच ठेवले. चरायला नेऊन वजन कशाला घटवायचं?

सकाळी 10:05
*(अजून पावणेसात तास)*

चाचांचा फोन. "भाऊ, या उन्हात गाडीत जनावर नाही भरत मी. ऊन उतरल्यावर येतो, पाचच्या पुढे." तीस वर्षं जनावरांच्या धंद्यातला माणूस. त्याला जे कळत होतं ते मला कळायला हवं होतं. मी उलट अर्थ काढला की बोकडांना खायला आणखी एक वेळ मिळाली.

धाकट्याला वावरात फोन केला. तो म्हणाला, "अजून एक एक घमेलं दे न, दोन किलोनं तरी वाढन." दोन किलो म्हणजे बोकडामागे 900 रुपये. नऊ बोकडांचे 8,100. मी भरडा वाढला, वर मूठभर गूळ टाकला.

इथं थोडं थांबायला हवं, कारण पुढचं सगळं या घमेल्यात आहे. रवंथ करणाऱ्या जनावराचं मोठं पोट म्हणजे आंबवण्याची टाकी. कोट्यवधी जिवाणू चारा कुजवतात, त्यातून जनावराला ताकद मिळते आणि सोबत उष्णता तयार होते. थंडीत ही शेगडीच असते. उन्हाळ्यात तिचा जाळ कमी करावा लागतो, म्हणून शहाणी जनावरं दुपारी स्वतःहून खाणं सोडतात, आणि शहाणे लोक खुराक पहाटे नाही तर रात्री उशिरा देतात. खाल्ल्यावर ही उष्णता लगेच चढत नाही. काही तासांनी चढते आणि बराच वेळ राहते. दहाला घातलेला मका दुपारी एक ते चारमध्ये पेटतो. म्हणजे बाहेरचा पारा सर्वांत वर असतो, नेमका तेव्हा.

सकाळी 11:40
*(अजून 5 तास 10 मिनिटं)*

कळप परत आला. सगळ्या बकऱ्यांची तोंडं मिटलेली, पण बरगड्या भराभर हलत होत्या. बाबा ओट्यावरून म्हणाले, "पाराखाली ने रे त्याईले. पिपळाखाली हवा हाये."

"कुत्रे हायेत तिथं बाबा. अन् चाचा आले तर सगळे बोकड एका जागी पाह्यजेत."

"बकऱ्या म्हन्तो मी, बोकड नाई."

"तिथं झळा लागतीन."

माझं खरं कारण वेगळं होतं. शेडला पैसे घातले होते आणि ते वापरायचं होतं. शिवाय आदल्या दिवशीच अकोला जिल्ह्यात उष्णतेमुळे 31 मे पर्यंत कलम 144 लागलं होतं. खाजगी शिकवण्यांनाही दुपारच्या वेळा टाळायला सांगितलं होतं. ते वाचून मी एक पक्का धडा घेतला होता की ऊन म्हटलं की आत, दारं बंद. जमावबंदीचा आदेश वाचून 31 जीव एका खोलीत कोंडणारा मी एकटाच असेन.

एका मोठ्या बकरीला दहा-बारा चौरस फूट जागा लागते. आमचा हिशेब नऊच्या आसपास बसायचा. एरवी कळप बाहेरच असायचा, म्हणून ते जाणवलं नव्हतं. पूर्वेच्या जाळीला धाकट्यानं ओला बारदाना बांधला, वरून खाली, फट न ठेवता. आत दोन पंखे लावले. शेडमध्ये पाय टाकला की क्षणभर खरंच गार वाटायचं. आम्ही खूश होतो.

बाबा उठून आत गेले. जाता जाता एवढंच म्हणाले, "हवा कोंडू नोको."

दुपारी 12:35
*(अजून सव्वाचार तास)*

लाईन गेली. डीपी उडाली, असं कळलं. पंखे थांबले.

वऱ्हाडात कुलर काय आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. खिडकी उघडी असली की कुलर गार करतो. खिडकी बंद केली की अर्ध्या तासात खोली चिकट होते आणि उघड्यापेक्षा जास्त गुदमरायला होतं. हवेनं पाणी पिऊन घेतलेलं असतं, आता ती आणखी पीत नाही. हे माहीत असलेल्या माणसानं शेडला ओला बारदाना बांधला, पंखे बंद पडले तरी तो तसाच ठेवला, आणि एकला पुन्हा त्यावर तीन बादल्या पाणी मारलं.

बकरीच्या अंगाचं तापमान 39 च्या आसपास, साडेअडतीस ते चाळीस. हवा त्याहून गार असली की अंगातली उष्णता आपसूक बाहेर जाते. हवा 44-45 वर गेली की वाहणं उलटं होतं, उष्णता बाहेरून आत येते. मग एकच वाट उरते, पाणी वाफ करून उडवायची. माणूस ते घामानं करतो, बकरी मुख्यतः धापेनं. जीभ, घसा, नाकातला ओलावा उडतो आणि रक्त गार होतं. कोरड्या हवेत हे यंत्र फार चांगलं चालतं. उगाच नाही बकरी वाळवंटात जगत. वऱ्हाडचं ऊन कोरडं असतं, हीच आमच्या बकऱ्यांची जमेची बाजू होती. ती आम्ही बारदाना भिजवून काढून घेतली. वर 31 तोंडांची वाफ.

आणि टिन. हवामान खात्याचा आकडा जमिनीपासून चारेक फुटांवरच्या, पांढऱ्या झडपांच्या पेटीतला असतो. सावलीतला, हवा खेळणारा. तापल्या टिनाखाली, दोन हातांवर पाठ असलेल्या बकरीशी त्या 45 चा काही संबंध नाही. टिनाला खालून हात लावता येत नव्हता.

दुपारी 1:50
*(अजून 3 तास)*

पाणी पाजायला गेलो. आमचं गाव खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या मोठ्या भागात जमिनीखालचं पाणी खारं आहे, ही इथली जुनी कहाणी. नळाचं गोडं पाणी आठवड्यातून एकदा येतं, ते माणसांना. जनावरांना बोअरचं. ते छतावरच्या काळ्या टाकीत चढवलेलं, तिथून उघड्या नळीनं शेडच्या हौदात. नळीतलं पहिलं पाणी हातावर घेतलं आणि हात मागे ओढला.

बकऱ्यांनी हौदात तोंड घातलं, हुंगलं, बाजूला झाल्या. दोघीतिघींनी दोन घोट घेतले. उन्हाळ्यात मोठ्या बकरीला दिवसाला सहा-आठ लिटर तरी पाणी लागतं. खारं आणि वर गरम, कोण पिणार? मी म्हणालो, तहान नाही त्यांना. शिवाय घरातला विश्वास असा की बकरी काटक असते. ती असतेच. गाय-म्हैस आडवी झाल्यावरही बकरी उभी असते. म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, आणि ती बसते तेव्हा उशीर झालेला असतो.

दुपारी 2:45
*(अजून 2 तास 5 मिनिटं)*

गाव मेल्यासारखं पडलेलं. लाईन नाही, टीव्ही नाही. मोबाईलवर रेमल चक्रीवादळाच्या बातम्या, बंगालच्या किनाऱ्यावर रात्री धडकणार म्हणून. लाखभर लोक हलवले होते. मी ओसरीवर उताणा पडून ते वादळ पाहत होतो. त्याला नाव होतं, दिशा होती, वेळ दिलेली होती.

आईची हाक आली. खुराड्यात अंड्यांवर बसलेली कोंबडी मान टाकून पडली होती. कोंबडीला घाम येत नाही आणि तिचं अंग मुळातच 41-42 वर असतं, त्यामुळे तिला वर चढायला जागाच थोडी. खुराड्यालाही टिनच होतं. आईनं तिला उचललं, पंख पसरून पाहिलं आणि म्हणाली, "बकऱ्या पाह्यल्या का रे?"

"आत्ताच पाह्यल्या." तासापूर्वी.

आई उपाशी होती, चतुर्थी. तरी दर तासाला उठून म्हशीवर दोन बादल्या ओतत होती. म्हैस काळी, गायीपेक्षा घामाच्या ग्रंथी कितीतरी कमी. पाणी नसेल तर ती पहिली जाणार, हे आईला पुस्तकाशिवाय कळतं. म्हैस उघड्या मांडवात होती, वर पऱ्हाट्यांचं जाड छप्पर, चारी बाजूंनी मोकळं. फुकटचं छप्पर. तिला काही झालं नाही.

दुपारी 3:40
*(अजून 1 तास 10 मिनिटं)*

धाकट्यानं बारदाना बाजूला केला आणि ओरडला.

आतून वाफ आली, मुताच्या उग्र वासाची, डोळ्यांत झोंबणारी. बोकड सगळे पश्चिमेच्या भिंतीला. तिथं दुपारपर्यंत सावली होती म्हणून गेले असतील, आता तीच भिंत तापत होती. तोंडं उघडी, जिभा बाहेर, ओठांच्या कोपऱ्यांना दोरीसारखी लाळ. कुठलीही बकरी ओरडत नव्हती. एकतीस जनावरं आणि पीठ चाळल्याचा तो आवाज, आता फार मोठा. दोन गाभण बकऱ्या पाय पसरून बसल्या होत्या. एक पाठ उभी होती, पण माझ्या हाताकडे पाहत नव्हती.

मी एका बोकडाच्या बरगड्या मोजल्या. पंधरा सेकंदांत 43. मिनिटाला पावणेदोनशेच्या घरात. माणसाचा थर्मामीटर लावला तर 107.4 फॅरनहाइट. निरोगी बकरीचं तापमान 104 च्या आसपास संपतं.

दुपारी 4:15
*(अजून 35 मिनिटं)*

सगळ्यांना बाहेर ओढलं. बाहेर म्हणजे उन्हात, कारण अंगणात सावली नव्हती. निंबाच्या खुंटाभोवती चार बोकड आडवे केले आणि तेवढ्यात कळलं की आपण भाजत्या मातीवर टाकतोय. पुन्हा उचलले, घराच्या भिंतीला हातभर सावली होती तिथं आणले. शेजारपाजारचे जमले. कोणी ओलं पोतं आणून अंगावर पांघरलं. तेही चूक. ओलं पोतं अंगावर तसंच राहिलं की त्याखाली उष्णता कोंडते. पाणी अंगावर मारायचं, पुसून टाकायचं, वारा घालायचा, पुन्हा मारायचं. डोकं, पोट, जांघा, पाय.

हे मी सांगतोय ते 1962 वर फोन लागल्यावर कळलेलं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा तो नंबर. पलीकडच्या डॉक्टरनं शांतपणे विचारलं, "श्वास जोरात आहे की मंदावलाय?"

मी पाहिलं. भिंतीलगतच्या मोठ्या बोकडाचा श्वास मघापेक्षा हळू झाला होता. खोल, पोटातून, पण हळू. मला हायसं वाटलं. "मंदावलाय साहेब, उतरतंय."

पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग ते म्हणाले, ते उतरणं नव्हे. धाप आधी उथळ आणि भराभर असते. जनावर हरायला लागलं की ती खोल आणि सावकाश होते. गाडी निघते म्हणाले, पण लांबून येणार. आणि एक सांगितलं: "तोंडातून काही पाजू नका."

ते ऐकायला मीच होतो. माझ्या मागे शेजारच्या काकू कांद्याचा रस ताकात घालून बाटली घेऊन आल्या होत्या. ऊन लागलं की कांदा, इथं कोणी दुसरं सांगणार नाही. धाकट्यानं त्या मोठ्या बोकडाचं तोंड वर धरलं होतं.

दुपारी 4:50

धापा टाकणाऱ्या जनावराला गिळायला फुरसत नसते. ताक घशातून पोटात जायचं ते श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं. बोकड एकदा खोकला, नाकातून पांढरं आलं, चारी पाय ताठ केले. काकूंच्या हातात बाटली अर्धी भरलेली होती. त्या अजूनही कधी कधी विचारतात, "माह्यामुळं गेला का रे तो?" मी नाही म्हणतो. तो तसाही गेलाच असता, हे बहुधा खरं आहे.

संध्याकाळी 5:30

चाचा पिकअप घेऊन आले. तीन गेले होते. त्यांनी काटा काढलाच नाही. गाडी आडवी लावून सावली केली, ताडपत्री सोडून वर ताणली, अंगातला कुर्ता काढला आणि एका बकरीजवळ बसून तिला पुठ्ठ्यानं वारा घालायला लागले. बाबा दुसऱ्या बाजूला. दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. मध्येच चाचा म्हणाले, "शेड का दरवाजा किसने बंद किया था?" कोणी उत्तर दिलं नाही.

ऊन उतरत होतं तरी बोकड जात होते. मला वाटत होतं, पारा खाली आला की संपलं. पण पोटातली भट्टी बाहेरच्या पाऱ्यावर चालत नाही. सहाच्या सुमाराला तीन गेले, त्यांची पोटं डाव्या बाजूला ढोलासारखी फुगलेली.

संध्याकाळी 7:20

लाईन आली. घराघरांतून एकदम आवाज फुटला, त्या संध्याकाळी आयपीएलची फायनल होती. शेडमधले दोन्ही पंखे आपोआप फिरायला लागले, रिकाम्या शेडमध्ये.

डॉक्टरांची गाडी त्यानंतर थोड्या वेळानं पोचली. त्यांनी जिवंत होत्या त्यांना सलाईन लावली. मांडवाच्या पऱ्हाटीला बाटल्या टांगल्या. आठ वाजता एक पिल्लू आणि एक गाभण बकरी गेली. कोणीतरी म्हणालं, पंचनामा करून घ्या, सरकार देते. गावातल्या एका जाणत्यानं मान हलवली. आपत्तीच्या मदतीचा दर बकरीमागे 4,000 रुपये होता, पण आपत्ती केंद्राच्या यादीत असावी लागते. त्या यादीत तेव्हा थंडीची लाट होती. उष्णतेची नव्हती. ज्यांनी यादी केली ते मे महिन्यात वऱ्हाडात आले नसावेत.

तरी कागद हवा म्हणून डॉक्टरांनी एका बोकडाचं शवविच्छेदन केलं. टॉर्च मी धरला. मोठं पोट उघडलं तेव्हा आंबूस वास आला. "हात लावून पाहा," ते म्हणाले. मी लावला. बोकड मरून तीन तास होत आले होते आणि आतलं अजून गरम होतं. भरड्याचे दाणे पिवळेधमक, जसेच्या तसे, बोटांना टोचणारे. सकाळी मी वाढलेले. डॉक्टरांनी तो लगदा दोन्ही ओंजळींनी काढून घमेल्यात टाकला. दोन किलो सहज भरला असता.

रात्री 10:15

चंद्र उगवला होता. शेवटची बकरी नऊला गेली होती. सहा बोकड, दोन बकऱ्या, एक पिल्लू. आईनं चंद्राला हात जोडले, नैवेद्याचं ताट झाकून ठेवलं आणि म्हशीवर आणखी एक बादली ओतून झोपायला गेली. जेवली नाही. लोक म्हणत होते, मॅच एकतर्फी झाली.

वाचलेल्या 22 जनावरांना धाकटा पाराखाली घेऊन गेला आणि तिथंच बाजेवर आडवा झाला.

खड्डा बाबा आणि मी खणत होतो, वावराच्या धुऱ्याला. चाचा जाताना चुन्याची एक गोणी पाठवून गेले होते. घरातलं खडेमीठ आईनं दिलं. वरची काळी माती दगडासारखी, भेगांमध्ये कुदळ अडकायची, आणि एवढ्या रात्रीही अनवाणी पायांना गरम लागत होती. हातभर गेलो तरी कोमटच. दोन हात खाली गेल्यावर बाबा थांबले. खड्ड्यात उतरले, वाकून मूठभर माती उचलली, हातात दाबली, मग गालाला लावली.

"गार हाये," ते म्हणाले आणि मूठ माझ्याकडे केली.